परस्वाधीन मोटारीचा प्रवास

जुन्या मोटारींचा शौक ज्यांना जडला आहे त्यांच्या बैठकीत इंजिनाची जात, कार्ब्युरेटरची लकब, मूळ रंगाची छटा, मिळेनाशा झालेल्या दिव्यांच्या काचा अशा विषयांवर रात्र रात्र खल चालतो. परंतु ज्या मोटारीपायी हा सारा खटाटोप, ती स्वतःच्या बळावर चालेनाशी झाली म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावी कशी, याचा विचार बहुधा ऐन वेळी, एखाद्या वाड्याच्या अंगणात, हातातला दोर कोठे बांधावा हे शोधत गाडीखाली वाकल्यावरच सुरू होतो. कारण उघड आहे. टोचन ही विद्या आपल्याकडे प्रत्येक ट्रकड्रायव्हरला आणि गॅरेजातल्या प्रत्येक पोऱ्याला उपजतच अवगत असते अशी सर्वांची समजूत आहे; साखळी अडकवली, पुढच्याने गिअर टाकला, मागच्याने हँडब्रेक सोडला, की प्रवास सुरू.

वस्तुतः जी मोटार वीसपंचवीस वर्षे एका जागी उभी आहे, अथवा जिचे वय पन्नाशी ओलांडून गेले आहे, तिला ओढणे हे पेट्रोल संपून रस्त्यात थांबलेली चालती मोटार ओढण्याहून सर्वस्वी निराळे काम आहे. तिच्या टायरांना काळी पॉलिश केलेली असली तरी आतले रबर वठलेले असते. ब्रेकच्या सिलिंडरांतल्या रबरी वाट्या सुकून गेलेल्या असतात. हँडब्रेकची तार गंजून एकतर सुटत नाही किंवा धरत नाही. आणि या प्रवासात जर काही मोडलेच तर नव्या मोटारीचा भाग जसा दुकानातून आणता येतो तसा हिचा आणता येत नाही. या विषयाच्या निरनिराळ्या पद्धती, त्यांचे यंत्रशास्त्र आणि त्यांविषयीचे कायदे यांचा धांडोळा घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोर हा अडचणीतून बाजूला होण्याचा उपाय आहे, प्रवासाचे साधन नव्हे. जुन्या मोटारीने एकतर स्वतःच्या चाकांवर स्वतःच्या बळाने जावे, नाहीतर चारही चाके जमिनीवरून उचलून दुसऱ्याच्या पाठीवर जावे, आणि या दोहोंच्या मधल्या ज्या अवस्था आहेत त्या जितक्या थोड्या अंतरापुरत्या स्वीकाराव्या लागतील तितके बरे.

कायद्याची दृष्टी प्रथम पाहू. कारण बंद पडलेली मोटार म्हणजे निव्वळ ओझे, तिला चालक कशाचा आणि परवाना कशाचा, ही जी सार्वत्रिक समजूत आहे ती कायद्याच्या पहिल्या पानांवरच खोटी ठरते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चालकाची जी व्याख्या केली आहे तिच्यात, दुसऱ्या मोटारीकडून ओढल्या जाणाऱ्या मोटारीचे सुकाणू सांभाळणाऱ्या इसमाचा स्पष्ट शब्दांत अंतर्भाव आहे. आणि मोटार वाहनाच्या व्याख्येत, जिच्यावर अद्याप बॉडी चढवलेली नाही अशी नुसती चासीही येते. सबब पत्रा सडून गेलेला, आसने उंदरांनी कुरतडलेली, इंजिनाच्या जागी पोकळी असलेला असा एखादा सांगाडा जरी सार्वजनिक रस्त्यावरून दोराने नेला, तरी तो कायद्याच्या दृष्टीने मोटारच राहतो आणि त्यात स्टिअरिंग धरून बसलेला मनुष्य हा चालकच ठरतो. मिसरूड न फुटलेल्या पोऱ्याला मागच्या गाडीत बसवून ‘तू नुसते स्टिअरिंग धर’ असे सांगणारा मालक आपण काही गैर करीत आहोत असे मनातही आणीत नाही. पण बिनपरवाना इसमाच्या हाती मोटार देण्याचा गुन्हा त्याच्या हातून घडून गेलेला असतो, आणि पुढे काही आपत्ती ओढवली तर विमा कंपनीचा वकील प्रथम याच गोष्टीवर बोट ठेवतो.

१९८९ च्या मार्गनियमांनी टोचनाला जी मुभा दिली ती बुद्ध्याच तोकडी ठेवलेली दिसते. यांत्रिक बिघाडाने निकामी झालेली अथवा अर्धवट जुळणी झालेली मोटार, नोंदलेला ट्रेलर आणि साइडकार यांखेरीज कोणतेही वाहन दुसऱ्या मोटारीने ओढू नये, आणि ओढावयाचे तेही पोहोच देण्यापुरते वा जवळच्या गॅरेजापर्यंत किंवा पेट्रोलपंपापर्यंत. ओढल्या जाणाऱ्या मोटारीत परवानाधारक चालक असावा, नाहीतर तिची वळणारी चाके क्रेनने अथवा तत्सम साधनाने रस्त्यापासून वर उचलून पक्की धरलेली असावीत. दोन्ही गाड्यांमधील मोकळे अंतर ५ मीटरांच्या वर जाऊ नये. दोर वा साखळी इतरांच्या नजरेत सहज भरेल अशी असावी. मागच्या मोटारीच्या पाठीवर, पांढऱ्या पाटीवर निदान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असे लिहिलेले असावे. आणि वेग ताशी २४ किलोमीटरांच्या पुढे जाऊ नये, इतका बारीक तपशील त्यांत होता. २०१७ साली वाहनचालनाच्या नव्या नियमावलीने त्या नियमांची जागा घेतली, तेव्हा निघण्यापूर्वी चालू मजकूर डोळ्यांखालून घालणे इष्ट होय. परंतु बिघडलेली गाडी रस्त्यातून दूर करण्यापलीकडे टोचनाची मातब्बरी सरकारदरबारी कधीच मानली गेलेली नाही, एवढे त्या जुन्या शब्दरचनेवरून कळून येते. कोल्हापूरच्या एखाद्या वाड्यात हाती लागलेली मोटार पुण्यास दोराने आणू पाहणारा हौशी गृहस्थ ‘पोहोच देणे’ या सवलतीचा आधार घेऊ शकेल. तथापि सुमारे २३० किलोमीटरांचे ते अंतर ताशी २४ च्या गतीने न थांबता काटावयाचे तर साडेनऊ तास लागतात, आणि इतका वेळ महामार्गावरील वाहतूक अडवून धरणाऱ्या जोडीला कोणताही अंमलदार त्या सवलतीचा लाभ मोकळ्या मनाने देईल असे वाटत नाही.

या ५ मीटरांचा आणि २४ किलोमीटरांचा मेळ वरवर पाहता कारकुनी वाटतो, परंतु थोडे गणित केले की त्यातला अर्थ उमगतो. ताशी २४ किलोमीटरांच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे पावणेसात मीटर जाते. पुढच्या गाडीने अकस्मात ब्रेक लावला आणि दोन्ही गाड्यांचे ब्रेक अगदी सारख्या ताकदीचे असले, तरी मागच्या चालकाचा पाय पेडलवर पोहोचण्यास पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागला की मधले ५ मीटर संपतात. हाच वेग ४० वर नेला की ती मुदत अर्ध्या सेकंदाच्याही आत येते, आणि एवढ्या वेळात माणसाला घडल्या गोष्टीचे भानही पुरते येत नाही. शिवाय ब्रेक सारख्या ताकदीचे नसतातच. पुढे डिस्क ब्रेकची नवी जीप, मागे चारही चाकांना ड्रम असलेली, व्हॅक्यूमचे साहाय्य नसलेली जुनी अँबॅसडर, असा जोड असेल तर मागच्या माणसाने पुढच्या गाडीच्या लाल दिव्याकडे पाहत बसणे म्हणजे टकरीस आमंत्रण देणे होय; त्याने पुढच्या गाडीच्या काचेतून पलीकडचा रस्ता वाचला पाहिजे आणि थांबण्याचे काम पुढच्याच्याही आधी आपण सुरू केले पाहिजे. जाणते ड्रायव्हर म्हणतात की टोचनात पुढच्याने गती द्यावयाची आणि ब्रेक मागच्याने लावावयाचा. दोर सदैव ताणलेला ठेवणे ही मागच्याची जबाबदारी. दोर सैल पडला, चाकाखाली आला किंवा पुन्हा हिसक्याने ताणला गेला, की एकाच क्षणी जो भार हुकावर येतो तो गाडी नुसती ओढण्यास लागणाऱ्या बळाच्या कितीतरी पट असतो, आणि जुन्या मोटारीचे जे काही मोडते ते बहुधा याच हिसक्याने मोडते. येथे वयस्क मोटारीच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अलीकडच्या गाडीचे इंजिन बंद असले म्हणजे दोनतीनदा दाबल्यावर तिचा ब्रेक दगडासारखा होतो आणि पॉवर स्टिअरिंग जड पडते. ज्या जुन्या गाडीत ही साहाय्ये मुळातच नव्हती, तिचे पेडल इंजिन चालू असताना जितके जड तितकेच बंद असताना. त्यानंतरच्या काळात ज्यांना स्टिअरिंगचे कुलूप आले त्यांच्याबाबत मात्र किल्ली फिरवलेली आहे ना याची खातरजमा करूनच हलावे.

दोर बांधावा कोठे? बंपरला नव्हे, हे उत्तर पहिले. क्रोमचा तो झळाळता पट्टा दोन बोल्टांवर आणि पातळ कमानींवर तोललेला असतो. पार्किंगमधला धक्का सोसण्यापलीकडे त्याच्याकडून कसलीच अपेक्षा नसते. विलीज जीपसारख्या शिडीच्या चासीच्या गाडीत काम सोपे, कारण चासीच्या दोन्ही बाहूंची टोके समोरच असतात. युद्धापूर्वीच्या पुष्कळ मोटारींतही पुढचे कमानपट्टे जेथे चासीला धरलेले असतात ती जागा विश्वासार्ह असते. खरा पेच पडतो तो अँबॅसडर किंवा फियाट ११०० यांसारख्या, स्वतंत्र चासी नसून बॉडीच्या पत्र्यालाच भार सोसावयास लावलेल्या गाड्यांत. तेथे पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरचा आधार घ्यावा, पण त्याआधी तो चिखलाने आणि गंजाने आतून पोखरला तर गेला नाही ना, हे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावे. स्टिअरिंगचे दांडे, सस्पेन्शनचे हात, अँटिरोल बार, रेडिएटरची चौकट यांना दोर लावणाऱ्याच्या हाती गाडी देऊच नये. दोर कोणता, याविषयी मतभेद आहेत. साखळी मजबूत खरी, पण तिला लवचिकपणा नसल्याने प्रत्येक हिसका जसाच्या तसा पोहोचतो. लोखंडी वायररोप तुटला तर त्याचे टोक कोणावर जाऊन आदळेल याचा नेम नसतो, म्हणून तो वापरावाच लागला तर मध्यावर ओले पोते टाकण्याची जुनी रीत शहाणपणाची. किंचित ताणणारा नायलॉनचा जाड पट्टा, मध्ये लाल फडके बांधलेला, हा या सर्वांत कमी उपद्रवी.

आणि घाट. जॉन माल्कमच्या कारकिर्दीत १८३० साली बोरघाटातून जो गाडीरस्ता खुला झाला, त्यावरून आजपर्यंत किती बंद मोटारी दोराने उतरल्या असतील याची गणती नाही. तरीही उतारावर दोर हे साधनच उरत नाही, ही गोष्ट ज्याने एकदा अनुभवली तो पुन्हा त्या वाटेस जात नाही. चढावर दोर ताणलेला राहतो, पुढच्या गाडीचा क्लच जळाला तर जळतो, एवढेच. परंतु उतारावर मागची गाडी स्वतःच्या वजनाने पुढे येऊ पाहते आणि तिला आवरण्याचे सारे ओझे तिच्या ड्रमांवर पडते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. म्हणजे उतारावर गाडीला जो इंजिनाचा अडसर असतो तो नाही. ड्रम तापतात, फुगतात, लायनिंगची पकड सुटत जाते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. घाटाच्या माथ्यावर दोर सोडून क्रेन वा गाडी पाठीवर घेणारा कॅरियर ट्रक बोलावण्यात कमीपणा मानणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या अभिमानाचे कारण मला आजवर समजलेले नाही.

आतापर्यंत जे सांगितले ते डोळ्यांना दिसणाऱ्या धोक्यांविषयी. न दिसणारा धोका गिअरबॉक्समध्ये असतो. मागची चाके इंजिनाने फिरणारी गाडी, म्हणजे आपल्याकडील बहुतेक सर्व जुन्या गाड्या, न्यूट्रलमध्ये टाकून ओढली की सारे काही मोकळे फिरते असा समज आहे. फिरते खरे, पण कोरडे फिरते. साध्या गिअरबॉक्समध्ये तळाचे तेल वर उडवून सर्व बेअरिंगांना पाजण्याचे काम खालच्या लेशाफ्टच्या दात्यांचे असते, आणि लेशाफ्टला गती मिळते ती इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टकडून. इंजिन थांबलेले असले की लेशाफ्ट निश्चल राहतो, मात्र रस्त्यावर फिरणारी मागची चाके प्रोपेलर शाफ्टच्या द्वारे वरचा मेनशाफ्ट गरगर फिरवीत असतात. त्याच्या पुढच्या टोकाचे लहानसे बेअरिंग आणि त्यावर मोकळे फिरणाऱ्या गिअरांच्या बुशा यांना तेलाचा थेंब मिळत नाही. दोनचार किलोमीटरांत काही बिघडत नाही. पन्नास किलोमीटरांनंतर मालक घरी येऊन समाधानाने चहा घेत असतो आणि त्याच्या गिअरबॉक्सचे आयुष्य काही वर्षांनी घटलेले असते. उपाय दोन: मागची चाके उचलून न्यावी, अथवा प्रोपेलर शाफ्टच सोडवून ठेवावा. सोडविण्यापूर्वी दोन्ही फ्लँजांवर छिन्नीने जुळती खूण करून ठेवावी, म्हणजे पुन्हा जोडताना तोल बदलत नाही. आणि ज्या गाड्यांत शाफ्ट काढताच गिअरबॉक्सच्या शेपटीतून तेल गळू लागते तेथे बूच मारावे. जीपची गोष्ट वेगळी, तिच्या ट्रान्सफर केसला स्वतःचा न्यूट्रल असतो.

ऑटोमॅटिक गिअरच्या जुन्या परदेशी गाड्यांबाबत सरसकट नियम सांगता येत नाही. काही जुन्या अमेरिकन गाड्यांच्या पेटीत मागच्या चाकांवर चालणारा दुसरा तेलपंप असे, त्यामुळे त्या ओढता येत आणि ढकलून सुरूही करता येत. नंतरच्या काळात तो पंप वगळला गेला, आणि अशा गाडीची मागची चाके रस्त्यावर ठेवून तिला ओढणे म्हणजे पेटी जाळणे होय. सित्रोएन डीएससारख्या तेलाच्या दाबावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे इंजिन बंद राहिले की ती हळूहळू खाली बसते, आणि मग तिच्या पोटाखाली ना दोर जातो ना जॅक. अशा गाडीला पहिल्यापासून कॅरियरच बोलवावा.

दोराच्या जागी त्रिकोणी लोखंडी दांडा लावला तर सैल पडण्याचा प्रश्न मिटतो, आणि पुढची दोन चाके छोट्या दोनचाकी डॉलीवर चढवली तर मागच्या चालकाचीही गरज उरत नाही, म्हणून युरोप-अमेरिकेत या साधनांचा मोठा प्रसार आहे. पण तेथील कायद्यांनीही त्यांना निमूटपणे मान्यता दिलेली नाही. ब्रिटनमध्ये दांड्याने जोडलेली मोटार ही ट्रेलर समजली जाते, आणि ७५० किलोग्रॅमच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे चालते ब्रेक हवेत असा नियम असल्याने, मागच्या मोटारीचे ब्रेक पुढच्या चालकाच्या पायाशी कोणत्या ना कोणत्या युक्तीने जोडावे लागतात. डॉली तेथे केवळ बिघडलेली गाडी हलविण्यापुरती, आणि तीही मोटरवेवर ताशी ४० व इतरत्र २० मैलांच्या आत. साध्या दोराबाबत त्यांची मर्यादा साडेचार मीटर, आणि दीड मीटरांच्या वर दोर असला तर तो दिसेल अशी तजवीज. जर्मनीत दोर ५ मीटरांपर्यंत, दोन्ही गाड्यांचे इशाऱ्याचे दिवे लुकलुकत ठेवणे सक्तीचे, आणि ऑटोबानवर गाडी बंद पडली तर पहिल्या बाहेरच्या वाटेने उतरणे बंधनकारक. बाहेर बंद पडलेली गाडी दोराने ऑटोबानवर आणण्यास साफ मनाई. देश निराळे, भाषा निराळ्या, परंतु दोराकडे सगळे सारख्याच संशयाने पाहतात.

ट्रेलरचे तसे नाही. ट्रेलर ही प्रतिष्ठित वस्तू आहे. पण आपल्याकडे खाजगी मोटारीमागे ट्रेलर ही अजून दुर्मिळ गोष्ट असल्याने तिच्याविषयीचे अज्ञानही मोठे आहे. पहिली बाब वजनाची. साधारण ११०० किलोग्रॅमची अँबॅसडर आणि ५०० ते ६०० किलोग्रॅमचा ट्रेलर मिळून सतराशेच्या आसपास भार होतो, आणि तो ओढणाऱ्या गाडीची निर्मात्याने ठरवून दिलेली मर्यादा त्याहून बरीच अधिक असली पाहिजे. इंजिन ओढू शकते एवढ्यावर समाधान मानू नये, कारण प्रश्न ओढण्याचा नसून थांबविण्याचा असतो. दुसरी बाब तोलाची. बैलगाडीत ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. ट्रेलरचेही तेच, फक्त येथे मान असते ती पुढच्या मोटारीच्या मागच्या ॲक्सलची. ओझे मागे पडले की तो ॲक्सल हलका होतो, आणि ठराविक वेगाच्या पुढे ट्रेलर शेपटीसारखा झोले घेऊ लागतो. त्या वेळी घाबरून ब्रेक दाबणारा मनुष्य अपघात ओढवून घेतो, आणि एक्सलरेटर सोडून, स्टिअरिंग सरळ धरून वेग आपोआप मरू देणारा वाचतो. ट्रेलरच्या एकंदर वजनापैकी किती भाग हुकावर यावा याविषयी युरोपात पाचसात टक्के आणि अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के असा प्रघात आहे. इंजिन पुढे असलेली मोटार तोंड पुढे करून चढवली आणि मग वीतभर पुढेमागे सरकवून पाहिली की हा तोल साधतो.

कायद्यानुसार ट्रेलर हे स्वतंत्र नोंदणीचे वाहन आहे, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही त्याच्या पाठीवर दिसला पाहिजे. दिव्यांबाबत एक सूचना: पुष्कळ जुन्या मोटारी ६ व्होल्टच्या, त्यांतल्या काहींचा तर पॉझिटिव्ह टोकाचा संबंध बॉडीशी जोडलेला, पुढच्या १२ व्होल्टच्या गाडीची तार त्यांच्या दिव्यांना जोडली की बल्ब क्षणात जातात, आणि युद्धपूर्व गाडीला मागे एकच मिणमिणता दिवा व वळणदर्शक म्हणून खांबातून बाहेर येणारा हात असतो, ज्याचा अर्थ आजच्या ट्रकवाल्याला कळण्याची सुतराम शक्यता नाही. एका लाकडी फळीवर दोन्ही बाजूंचे दिवे, रिफ्लेक्टर आणि क्रमांकाची पाटी बसवून ती फळी मागे बांधणे, हा स्वस्त आणि निर्वेध मार्ग.

राहिला फ्लॅटबेड ट्रक, ज्याला गॅरेजवाले कॅरियर किंवा रिकव्हरी व्हॅन म्हणतात. आणि माझ्या मते जुन्या मोटारीचा खरा वाहक हाच. गाडी त्याच्या पाठीवर चढली की ती कायद्याच्या दृष्टीने चालणारे वाहन न राहता माल होते, तिला स्टिअरिंगवर माणूस लागत नाही, तिचे टायर, बेअरिंगे, गिअरबॉक्स सारे विश्रांती घेतात. परंतु चढविण्याची पंधरा मिनिटे फार नाजूक असतात. चांगला कॅरियरवाला प्रथम गाडीभोवती एक फेरी मारतो, गुडघ्यांवर बसून पुढच्या ओठाखालून आणि मागच्या शेपटीखालून किती बोटे जागा आहे हे पाहतो, आणि उताराची फळी अधिक निजवण्यासाठी तिच्या पायथ्याशी लाकडी ठोकळे रचतो. मग विंचची तार तो एका बाजूला न लावता दोन्ही बाजूंना सारखा ताण येईल अशा पट्ट्याच्या जोडाला लावतो, स्टिअरिंगवर मालकाला बसवतो, आणि विंच इतक्या सावकाश फिरवतो की चाके वळताना रबराचा करकर आवाज ऐकू येतो. प्रत्येक हातभर अंतरावर पोऱ्या मागच्या चाकाशी लाकडी पाचर सरकवीत जातो, कारण तार सुटली तर ब्रेकवर विसंबण्यासारखी ही गाडी नाही. या घाईगर्दीच्या धंद्यात असा मनुष्य मिळणे कठीण, पण मिळतो. आणि त्याने दोनपाचशे रुपये अधिक मागितले तर ते मुकाट्याने द्यावेत.

वर चढल्यावर बांधणीचे दोन संप्रदाय दिसतात. एक बॉडीला किंवा ॲक्सलला खाली खेचून कमानी दाबून टाकतो, दुसरा प्रत्येक चाकावरून पट्टा घेऊन चाकच फळीला जखडतो आणि वरची गाडी तिच्या स्वतःच्या कमानींवर डोलू देतो. जुन्या गाडीसाठी मी निःशंकपणे दुसऱ्याचा पक्ष घेईन. पट्टा ब्रेकच्या पाइपावरून, सायलेन्सरवरून किंवा तारांच्या नाजूक चाकांच्या आरांतून जाणार नाही एवढे पाहावे. गाडी गिअरमध्ये, बॅटरीची तार सुटलेली, पेट्रोलची कॉक असल्यास बंद. सुरुवातीच्या पाचदहा किलोमीटरांनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावे, कारण टायर आणि पट्टे दोन्ही तेवढ्या अवधीत बसतात. तोंड कोणत्या दिशेला, हेही महत्त्वाचे. स्टँडर्ड हेराल्डचे संपूर्ण नाक पुढच्या बिजागरीवर उघडते, ती उलटी चढवली तर वारा त्या झाकणाची उघडी कड शोधून काढतो. उलटपक्षी मुंबईकरांनी ‘डुक्कर’ म्हणून लाडावलेल्या पहिल्या फियाट ११०० चे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याला मोकळे तोंड देणारे, आणि तिच्या कुलपांची जीभ झिजलेली असली तर खड्ड्याच्या एका धक्क्याने दरवाजा उघडून मागे आपटतो. आतून दोन्ही हँडल एका सुती दोराने परस्परांना बांधून टाकले की भागते.

कागदपत्रांचा विचार मालक लोक शेवटी करतात, तो आधी करावा. खाजगी मोटारीची नोंद पंधरा वर्षांची, पुढे पाच पाच वर्षांनी नूतनीकरण. वाड्यात सापडणाऱ्या बहुतेक गाड्यांची ही मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. अशी गाडी विमा नसताना दोराला लावून रस्त्यावर आणणे म्हणजे, वर सांगितलेल्या व्याख्यांप्रमाणे, अनेक नियमांचा एकाच वेळी भंग करणे होय; ट्रकवरून मात्र ती खरेदीची पावती आणि जुने नोंदणीपुस्तक जवळ ठेवून निर्धास्तपणे नेता येते. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी निराळे नियम केले: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खाजगी वाहने या वर्गात येतात, क्रमांकात व्हीए ही अक्षरे मिळतात, नव्या नोंदीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. या नोंदीची गाडी नित्याच्या वा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढीच कारणे मान्य. जो मालक ही नोंद करून घेतो त्याला एका जिल्ह्याहून दुसऱ्या जिल्ह्यातील रॅलीला गाडी चालवत नेता येईल, पण चित्रीकरणासाठी किंवा लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने द्यावयाची तर तो धंदा ठरतो, आणि ट्रकने नेऊन रस्त्यावर उतरवल्याने ते बंधन टळत नाही. वाहतुकीतल्या नुकसानीचा विमा कॅरियरवाल्याकडे आहे असे तो तोंडी सांगतो. तो कागद पाहावा, त्यात रक्कम किती आहे ते पाहावे, आणि निघण्यापूर्वी दिवसाउजेडी गाडीची चारही बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्यांवर त्याची सही घ्यावी.

इतके केल्यावर पुष्कळ जण गाडीवर एक सैल झूल घालून वर दोर आवळतात, आणि तेथे चुकतात. वाऱ्याने फडफडणाऱ्या त्या कापडाखाली धूळ शिरते, आणि पुण्याहून नागपुरापर्यंत ते कापड त्या धुळीने रंगावर पॉलिशपेपरासारखे घासत राहते. उतरवून घेताना छताच्या कडा आणि मडगार्डांचे फुगवटे पांढुरके झालेले आढळतात. बंद ट्रक मिळत नसेल तर जुनी मोटार उघडीच न्यावी, आणि पोहोचल्यावर पाण्याने धुवावी.